समुद्रकाठच्या घरात सहकुटुंब निवांत सुट्टी: घर निवडण्यापासून आवराआवरीपर्यंत

हॉटेलात नळाला पाणी आलं नाही की फोन उचलायचा असतो. भाड्याच्या घरात टाकी किती भरली आहे ते आपणच बघायचं असतं. त्या बदल्यात स्वयंपाकघर, ओसरी आणि वेळ सगळं आपल्या ताब्यात राहतं, आणि लहान मुलं किंवा वडीलधारी माणसं बरोबर असतील तर हा सौदा नक्कीच फायद्याचा आहे. मात्र उष्ण कटिबंधातल्या किनाऱ्यावर दिवसाची आखणी ऊन आणि भरती-ओहोटी करतात. या दोन्हींच्या वेळा आधी कळल्या आणि घरातली कामं आधीच वाटली गेली, तर सुट्टी खरोखर निवांत जाते. पुढे सगळं त्याच क्रमाने दिलं आहे.

कधी जायचं, किती दिवस

सर्वात आधी वादळांचा हंगाम बघा. अटलांटिक आणि कॅरिबियन भागात तो १ जून ते ३० नोव्हेंबर धरतात. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र इथे चक्रीवादळं मुख्यतः एप्रिल ते जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या दोन काळांत होतात. विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. विषुववृत्ताच्या अगदी जवळ, ५ अंशांच्या आत, चक्रीवादळ सहसा तयार होत नाही, कारण वाऱ्यांना गरगर फिरवणारा पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम तिथे फार क्षीण असतो. पाऊस मात्र तिथेही मजबूत पडतो.

मुक्काम किमान पाच रात्रींचा ठेवा. पहिला दिवस सामान लावण्यात आणि शेवटचा आवरण्यात जातो. तीन रात्रींसाठी एवढा पसारा मांडणं आम्हाला तरी पटत नाही.

घर निवडताना

जाहिरातीतल्या फोटोंवर जाऊ नका. फोटो बहुधा किनारा सर्वात देखणा दिसतो त्या घटकेला काढलेला असतो. उपग्रहाच्या नकाशावर घर शोधा आणि मालकाला नेमके प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न: ओहोटीला घरासमोर काय दिसतं? प्रवाळाच्या सपाट कट्ट्यामागे असलेल्या किनाऱ्यावर ओहोटीला पाणी काहीशे मीटर मागे सरतं आणि मध्ये धारदार खडक उघडे पडतात. अशा ठिकाणी पोहणं फक्त भरतीच्या आसपासच्या तासांतच जमतं. हे वाईट नाही, पण आधी माहीत हवं.

दुसरा: उतार कसा आहे? जाड, भरड वाळूचे किनारे सहसा तीव्र उताराचे असतात. तिथे लाट थेट काठावर येऊन आपटते आणि चार पावलांत पाणी छातीपर्यंत येतं. अशा लाटेने डोक्यावर आपटून मानेला गंभीर इजा होऊ शकते, चांगल्या पोहणाऱ्यालाही. बारीक वाळूच्या सपाट पुळणीवर लाटा दूर फुटतात आणि काठाला गुडघाभर पाणी राहतं. मुलं असतील तर घराच्या सजावटीपेक्षा हा उतार महत्त्वाचा माना. बेटावर घर घेत असाल तर वारा नेहमी ज्या बाजूने येतो तिच्या विरुद्ध बाजूचा किनारा शांत असतो. वाऱ्याकडची बाजू हवेशीर, मच्छर कमी, पण समुद्र खवळलेला. नदीच्या मुखाजवळचं घर टाळा: प्रवाह अवघड, पाणी गढूळ, आणि काही प्रदेशांत मगरीही.

मग घराची आतली चौकशी. टाकी किती लिटरची आहे आणि पाणी रोज चढतं का? खाऱ्या पाण्यातून आल्यावर प्रत्येक जण पुन्हा अंघोळ करतो, म्हणून माणशी दिवसाला १२५ लिटर धरा. वीज गेल्यावर पंखे चालतात का? खिडक्यांना जाळ्या आहेत का? बाहेर, दारापाशी, पाय धुवायला नळ आहे का? हा एक नळ नसेल तर आठवडाभर वाळू झाडत बसावं लागतं. पोहण्याचा हौद असेल तर चारही बाजूंनी निदान १.२ मीटर उंच कुंपण आणि आपोआप मिटून कडी लागणारं फाटक हवं. तीन बाजूंना कुंपण आणि चौथीकडे घराचं दार, अशी रचना लहान मुलांसाठी कुंपण नसल्यासारखीच. शेवटी, जवळचं रुग्णालय किती मिनिटांवर आहे ते किलोमीटरमध्ये नव्हे, वेळेत विचारा.

सामान

कपडे लोक दुप्पट नेतात आणि उन्हापासूनचं संरक्षण निम्मं. मोठ्या माणसाच्या पूर्ण अंगाला एकदा सनस्क्रीन लावायला सुमारे ३० मिलिलिटर लागतं, म्हणजे १०० मिलिलिटरची ट्यूब तीनदा लावण्यात संपते. पातळ थर दिला तर डब्यावर छापलेलं एसपीएफ, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा आकडा, मिळतच नाही, आणि उन्हाने सोलवटून निघण्याचं हेच नेहमीचं कारण आहे. दर दोन तासांनी आणि प्रत्येक वेळी पाण्यातून आल्यावर पुन्हा लावायचं, तर चार माणसांना आठवड्याला लागणाऱ्या बाटल्यांचा हिशेब तुम्हीच करून बघा. सोपा उपाय असा की प्रत्येकाला लांब बाह्यांचा, पोहताना घालायचा सदरा घ्या. मग क्रीम लागतं ते चेहरा, मान, कान, हाताचे पंजे, पाय आणि पावलांच्या वरच्या भागापुरतं. सहा महिन्यांखालच्या बाळाला क्रीम लावण्यापेक्षा पूर्ण सावलीतच ठेवा.

क्रीम घेताना घटक वाचा. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर हवाईत १ जानेवारी २०२१ पासून बंदी आहे आणि पलाऊने त्याआधीच, २०२० मध्ये, ती घातली. प्रवाळाला होणारी इजा हे दोन्हीकडचं कारण. झिंक ऑक्साइडचं क्रीम कुठेही चालतं.

मुलांचे पोहण्याचे कपडे भडक केशरी, गुलाबी किंवा पोपटी घ्या. निळा आणि पांढरा रंग पाण्यात आणि फेसात हरवतो. प्रत्येकाला पायातून न निसटणारे रबरी तळाचे बूट हवेत, कारण समुद्री साळू (तळाशी असणारा काटेरी गोळ्यासारखा जीव) आणि प्रवाळ यांच्यापुढे साध्या चपला टिकत नाहीत.

औषधांच्या डब्यात ताप आणि दुखण्याची गोळी, अ‍ॅलर्जीची गोळी, जलसंजीवनीची दहा पाकिटं, जंतुनाशक, चिमटा, न भिजणाऱ्या पट्ट्या, थर्मामीटर आणि अर्धा लिटर व्हिनेगर ठेवा. जलसंजीवनी संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवा. चमचा चहाचा, ५ मिलिलिटरचा. मीठ जास्त पडलं तर मुलांना ते घातक ठरतं, म्हणून अंदाजाने टाकू नका.

पोहोचल्यावर पहिला तास

मुलं थेट पाण्याकडे धावतात. एका मोठ्या माणसाने त्यांना घेऊन ओसरीवर बसावं आणि बाकीच्यांनी एवढं उरकावं:

१. सगळ्या खोल्यांची दारं-खिडक्या उघडून वीस मिनिटं वारा खेळू द्या. बंद घरात कुबट वास साचतो.

२. गॅस सिलिंडर, शेगडी आणि नळी तपासा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. वास आला तर दिव्याचं बटण दाबू नका, आधी दार उघडा.

३. टाकीची पातळी, मोटरचं बटण, विजेचा मुख्य स्विच आणि जास्तीच्या किल्ल्या कुठे आहेत ते निदान दोघांना माहीत हवं. खाऱ्या हवेत कुलपं गंजतात, म्हणून प्रत्येक कुलूप एकदा उघडून बघा. अडकलेलं कुलूप रात्री सापडण्यापेक्षा आत्ता सापडलेलं बरं.

४. अंगणात फिरून साचलेलं पाणी ओता: कुंड्यांखालच्या बशा, बादल्या, नारळाच्या करवंट्या, जुने टायर. डेंग्यूचा एडिस डास अंड्यापासून पूर्ण वाढायला साधारण आठ-दहा दिवस घेतो आणि त्याला चमचाभर पाणी पुरतं.

५. झोपाळा किंवा झोळी नारळ लगडलेल्या झाडाखाली बांधू नका. कॅरिबियन आणि मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यांवर मॅंचिनील नावाचं झाड असतं. त्याचं फळ लहान हिरव्या सफरचंदासारखं दिसतं, पण विषारी असतं आणि चीक लागला तर कातडीवर फोड येतात. पावसात त्याच्याखाली उभंही राहू नये.

६. दारापाशी दोन टब ठेवा, पहिला वाळू काढायला आणि दुसरा स्वच्छ धुवायला. एकाच टबातलं पाणी पाच मिनिटांत चिखल होतं. पुढे पायपुसणं. सुकलेल्या अंगाला चिकटलेली वाळू मक्याचं पीठ चोळून झाडली की सहज निघते.

दिवस कसा लावायचा

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या असतात. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. आज सकाळी ७ वाजता पूर्ण ओहोटी असेल, तर आठवड्याने ती दुपारी १ च्या सुमारास येईल. म्हणजे पहिल्या दिवशी सकाळचा जो कार्यक्रम जमला, तो सहाव्या दिवशी जमेलच असं नाही. त्या जागेचा भरती-ओहोटीचा तक्ता मिळवून फ्रिजवर चिकटवा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं: पाणी जास्त वर येतं आणि जास्त मागे जातं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा फरक कमी.

पाणी सहा तासांत एकसारखं चढत नाही. चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग चढतो. ओहोटीला वाळूच्या पट्ट्यावर किंवा खडकांच्या टोकापर्यंत चालत गेलेली माणसं अडकतात ती या तिसऱ्या-चौथ्या तासात. खडकांतल्या डबक्यांतले खेकडे, तारामासे बघायला जायचं तर पूर्ण ओहोटीच्या एक तास आधी निघा आणि पाणी वळलं की परत फिरा.

उन्हाचा हिशेब सरळ आहे. सकाळी १० ते दुपारी ४ उघड्यावर राहायचं नाही. उष्ण कटिबंधात भर दुपारी अतिनील निर्देशांक बरेचदा ११ च्या वर जातो आणि ढगाळ हवेतही त्यातला मोठा भाग खाली येतो. कोरडी वाळू तर पाय भाजण्याइतकी तापते. म्हणून दिवस लवकर सुरू करा: साडेसहाला पाण्यावर, साडेनऊला परत, अंघोळ, भरपूर न्याहारी. दुपारचे तास झोप, पत्ते, पुस्तकं, काहीच न करणं यांसाठी मोकळे ठेवा आणि त्यात सहली कोंबू नका. सहा जणांच्या कुटुंबात सगळ्यांनी मिळून करायची एकच गोष्ट दिवसाला ठरवावी, त्याहून जास्त नको. चारनंतर पुन्हा किनारा. विषुववृत्ताजवळ सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत काळोख होतो, तेव्हा दूर फिरायला गेलात तर टॉर्च जवळ हवा.

पाण्यात उतरताना

आधी झेंडा बघा. लाल-पिवळ्या दोन झेंड्यांच्या मधल्या भागावर जीवरक्षकांचं लक्ष असतं. एक लाल झेंडा म्हणजे मोठा धोका, दोन लाल म्हणजे पाण्यात जायचंच नाही, जांभळा म्हणजे डंख मारणारे समुद्री जीव. झेंडे आणि जीवरक्षक नसतील तर पाच-दहा मिनिटं काठावर उभं राहून लाटा न्याहाळा.

काय शोधायचं? दोन्हीकडे लाटा फुटत आहेत आणि मध्येच एक पट्टा शांत, जरा गडद, वर फेस किंवा वाळू समुद्राकडे वाहताना दिसते. नवखी माणसं नेमकी हीच शांत जागा पोहायला निवडतात. लाटांनी काठावर आणून टाकलेलं पाणी परत जायला खोलगट वाट शोधतं आणि त्या वाटेने जोरात बाहेर वाहतं. हा परतीचा प्रवाह जोर धरला तर सेकंदाला २ मीटरपेक्षाही वेगाने ओढतो, आणि त्याच्या विरुद्ध पोहून कोणी जिंकत नाही. तो खाली खेचत नाही, फक्त बाहेर नेतो. माणूस दमतो आणि मग बुडतो. त्यात सापडलात तर उताणे तरंगा, एक हात वर करून मदत मागा, आणि दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत फुटणाऱ्या लाटांकडे सरका. त्या लाटा काठाकडे आणतात. दुसऱ्याला वाचवायला कधीही रिकाम्या हाताने उडी घेऊ नका. तरंगणारी वस्तू, रिकामा बंद कॅन सुद्धा, आधी त्याच्याकडे फेका.

हवा भरलेल्या गाद्या, बदकं, चाकं समुद्रात नेऊच नयेत. जमिनीवरून समुद्राकडे वारा वाहत असला की काठाजवळ पाणी आरशासारखं दिसतं, सगळं सुरक्षित वाटतं, आणि गादी बघता बघता माणसाच्या पोहण्याच्या पलीकडे जाते.

बुडणारं मूल ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला, डोकं मागे, हात बाजूंना दाबल्यासारखे, आवाज नाही. हे मिनिटभरातही आटोपू शकतं. म्हणून पाळी ठरवा: एक मोठा माणूस, वीस मिनिटं, हातात फोन नाही, पुस्तक नाही. पाळी बदलताना «आता तू» असं तोंडाने म्हणून समोरच्याचा होकार घ्या. दहा मोठी माणसं काठावर असतात तेव्हा प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. पाच वर्षांखालचं मूल पाण्यात असेल तर हात लांब केला की धरता येईल एवढंच अंतर. वाळूतला खड्डाही खेळणाऱ्यांतल्या सर्वात लहान मुलाच्या गुडघ्यापेक्षा खोल नको. कडा ढासळल्या की वाळू क्षणात भरते आणि काढायला वेळ लागतो.

डंखाचे उपाय जिवाप्रमाणे वेगळे आहेत. बॉक्स जेलीफिश असलेल्या समुद्रात जागेवर निदान ३० सेकंद व्हिनेगर ओततात आणि ताबडतोब वैद्यकीय मदत बोलावतात. निळ्या फुग्यासारख्या ब्लूबॉटलच्या बाबतीत धागे चिमट्याने काढा, समुद्राच्याच पाण्याने धुवा, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांपर्यंत, वीस मिनिटं धरा. पाकट माशाच्या काट्यालाही गरम पाणीच, पण काटा खोल रुतला असेल तर उपटू नका, रुग्णालयात जा. पाणी किती गरम आहे ते आधी आपल्या हाताने बघा. चोळणं आणि वाळूने घासणं दोन्ही टाळा. शंकूच्या आकाराचे नक्षीदार शंख उचलू नका, आतला जीव जिवंत असेल तर त्याचा डंख प्राणघातक ठरू शकतो.

स्वयंपाकघर आणि कामांची वाटणी

बऱ्याच कुटुंबांत एकच व्यक्ती घरी जे करते तेच समुद्राकाठी, अपुऱ्या भांड्यांत आणि अनोळखी शेगडीवर करत राहते. तिची सुट्टी होतच नाही. निघण्याआधीच दिवस वाटून घ्या: दोघांची एक जोडी, त्या दिवसाचा स्वयंपाक, भांडी आणि कचरा तिच्याकडे, बाकीच्यांनी त्या दिवशी स्वयंपाकघरात डोकवायचं नाही. मुलांनाही जोडीत धरा. दिवसातून एकदाच गरम जेवण शिजवा, दुसरं थंड किंवा बाहेरचं. पहिल्या रात्रीचं जेवण घरून तयार न्या.

शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. फ्रिज ५ अंशांच्या खाली आहे का ते बघा. सतत उघडला जाणारा जुना फ्रिज दुपारी हार मानतो, म्हणून पिण्याच्या पाण्यासाठी वेगळी बर्फाची पेटी ठेवा. नळाच्या पाण्याची खात्री नसेल तर खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळू द्या. बर्फही त्याच पाण्याचा हवा.

प्रवाळाच्या भागात पकडलेले मोठे शिकारी मासे, विशेषतः बॅराकुडा आणि मोठे ग्रूपर, स्थानिक कोळ्यांना विचारल्याशिवाय खाऊ नका. त्यांच्यात सिग्वाटेरा नावाचं विष साचलेलं असू शकतं. ते शिजवून, तळून किंवा गोठवून जात नाही, आणि माशाची चव-वास बिघडलेला नसतो.

अशा घरांचं सांडपाणी बहुधा मैल्याच्या टाकीत जातं. तेल, ओले टिश्यू आणि डायपर तिथे गेले की दोन दिवसांत मोरी तुंबते.

संध्याकाळ आणि वाईट हवा

एडिस दिवसा चावतो, सकाळी आणि मावळतीआधी जास्त. मलेरियाचे डास रात्री. डास पळवणारं औषध २० ते ३० टक्के डीईईटीचं किंवा २० टक्के पिकारिडिनचं घ्या. दोन महिन्यांखालच्या बाळाला डीईईटी नको, मच्छरदाणी द्या. आधी सनस्क्रीन, ते मुरल्यावर वरून हे औषध.

कासवं अंडी घालायला येतात त्या किनाऱ्यावर हंगामात समुद्राकडचे दिवे बंद ठेवा. पिल्लं उजेडाकडे वळतात आणि पाण्याऐवजी घराकडे सरपटत येतात.

मेघगर्जना ऐकू आली की पाण्यातून बाहेर, आणि शेवटच्या गर्जनेनंतर अर्धा तास थांबा. जनरेटर ओसरीवर किंवा खिडकीजवळ चालवू नका, त्याचा धूर वास न येताही मारतो. जमीन वीस सेकंदांहून जास्त हादरली किंवा समुद्र अचानक मागे हटून तळ उघडा पडला, तर त्सुनामीचा इशारा येईपर्यंत वाट बघायची नाही. लगेच उंचावर किंवा शक्य तितकं आत जायचं. ती वाट पहिल्याच दिवशी सगळ्यांनी एकदा चालून बघा, मुलांना तो फेरफटकाच वाटतो.

निघताना

आदल्या संध्याकाळीच पोहण्याचे चष्मे, बूट, सदरे गोड्या पाण्यात धुऊन वाऱ्याच्या बाजूला टांगा. दमट हवेत जाड टॉवेल रातोरात सुकत नाहीत, ते बंद बॅगेत गेले की बुरशी धरतात. म्हणून ओल्या कपड्यांसाठी एक वेगळी न भिजणारी पिशवी ठेवा. मुलांनी गोळा केलेले शंख-शिंपले पाण्याच्या पसरट भांड्यात तासभर ठेवा. एखाद्यातून, रिकाम्या शंखात घर करणाऱ्या साधू खेकड्याचे पाय बाहेर आले तर तो जिथून आणला तिथे सोडा. बऱ्याच देशांत प्रवाळाचे तुकडे बाहेर न्यायला बंदी आहे, ते किनाऱ्यावरच राहू द्या. मग गॅस बंद, मोटर बंद, फ्रिज रिकामा, आणि किल्ली देण्याआधी मालकाला टाकीची पातळी आणि मोडलेली वस्तू दोन्ही दाखवा.